चार तासांची शर्यत : खान्देशातील एका छोट्या बाहा संघाचे प्रकरण

मध्य प्रदेशातील धार जिल्ह्यात, पीथमपूर येथे, वाहनांच्या चाचणीसाठी उभारलेले ‘नॅट्रॅक्स’ हे केंद्र आहे. तेथील ११.३ किलोमीटर लांबीचा वेगवान मार्ग २०२१ साली खुला झाला तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. परंतु अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना पीथमपूर ठाऊक आहे ते त्याच्या कितीतरी आधीपासून आणि वेगळ्याच कारणाने. २००७ पासून चालत आलेल्या ‘बाहा एसएई इंडिया’ या स्पर्धेत विद्यार्थी स्वतः आखलेली आणि स्वतः जोडलेली एकआसनी गाडी घेऊन येतात व अखेरच्या टप्प्यात ती खाचखळगे, उंचवटे, दगड आणि चिखल असलेल्या कच्च्या वाटेवर चार तास पळवतात. वर्षानुवर्षे सर्व संघांना इंजिन एकच असे : ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन कंपनीचे, एका सिलिंडरचे, ३०५ सीसीचे, सुमारे १० अश्वशक्तीचे. त्यात फेरफार करण्यास मनाई असल्यामुळे पैशाच्या जोरावर ताकद विकत घेता येत नाही. फरक पडतो तो वजनात, जोडकामात आणि शेवटपर्यंत टिकण्यात. एकूण गुणांतील सर्वांत मोठा वाटाही या चार तासांच्या शर्यतीचाच असतो.

खान्देशातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संघाने या स्पर्धेत लागोपाठ अपयश पाहिले आणि बऱ्याच उशिरा चार तास पूर्ण केले, त्या वाटचालीचा हा अभ्यास आहे. महाविद्यालयाचे आणि विद्यार्थ्यांचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही. धुळे, शिरपूर, सेंधवा या मार्गाने पीथमपूर एका दिवसात गाठता येते आणि पुण्याच्या संघांपेक्षा हा प्रवास सोपा पडतो, एवढीच काय ती या संघाची जमेची बाजू होती. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत प्लॅस्टिकचे पाइप, ठिबक सिंचनाचे साहित्य, चटया आणि डाळ यांचे कारखाने आहेत. गाडीच्या गिअरला हव्या त्या अचूकतेने दाते पाडून घ्यायचे तर संघाला नाशिक किंवा पुणे गाठावे लागे. प्रायोजक म्हणून पुढे आले ते ट्रॅक्टरचे विक्रेते आणि डाळमिलचे मालक, आणि त्यांनी दिलेल्या रकमेत प्रवेश शुल्क भरून टायर घेतले की हात आखडता घ्यावा लागे.

साधनांची टंचाई मात्र या प्रकरणाचा गाभा नाही, असे माझे मत आहे. व्यावसायिक शर्यतीतला संघ हरला तरी त्याचा मेकॅनिक पुढच्या वर्षी त्याच जागी उभा असतो. विद्यार्थ्यांच्या संघाचे तसे नसते. ज्याने गाडी बंद पडताना पाहिली, जो रात्रभर तिच्याखाली झोपून राहिला, तो कर्णधार जूनमध्ये पदवी घेऊन पुण्याला नाहीतर हैदराबादला नोकरीवर रुजू होतो आणि त्याच्याबरोबर त्या वर्षीचे सगळे शहाणपण निघून जाते. दरवर्षी नवी तुकडी, आणि दरवर्षी तीच चूक नव्याने. म्हणून या संघाच्या बाबतीत विचारण्याचा प्रश्न असा की, माणसे बदलत असताना अपयशाची आठवण कोणाजवळ राहिली आणि कशी राहिली.

गाडी सुटलीच नाही

पहिल्या वर्षी संघ शर्यतीपर्यंत पोहोचलाच नाही. स्पर्धेच्या ठिकाणी आधी तांत्रिक तपासणी होते. सांगाड्याच्या पाइपची जाडी, वेल्डिंग, आसनपट्टे, इंजिन तत्काळ बंद करणारी आतली आणि बाहेरची अशी दोन बटणे, चालकाला पाच सेकंदांत बाहेर पडता येते की नाही, हे सर्व पाहिले जाते आणि त्यानंतर ब्रेकची परीक्षा होते. गाडी वेगात आणून ब्रेक दाबायचा आणि चारही चाके एकदम जाम झाली पाहिजेत. या संघाच्या गाडीची मागची चाके जाम होत, उजवे पुढचेही होई. डावे पुढचे चाक मात्र थोडे फिरून मगच थांबे.

विद्यार्थ्यांनी नळीत हवा राहिली असेल असे मानून दिवसभर हवा काढली. पॅडल दाबून धरायचे, निप्पल सैल करायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर आले की पुन्हा आवळायचा. हा उद्योग संध्याकाळपर्यंत चालला आणि हवा खरोखरच थोडी निघालीही, त्यामुळे आपण बरोबर वाटेवर आहोत असा समज पक्का झाला. मूळ दोष आखणीत होता. ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे झुकतो; मागची चाके हलकी होऊन लवकर घसरू लागतात आणि पुढच्या चाकांवर भार वाढल्याने ती जाम करण्यास जास्त जोर लागतो. संघाने एकाच मोटारसायकलचे चार सारखे कॅलिपर, म्हणजे ब्रेकची चकती आवळणारे जबडे, चारही चाकांना बसवले होते. पुढच्या बाजूला जोर आधीच काठावर होता, त्यात डाव्या नळीत राहिलेली थोडी हवा पुरेशी ठरली. शर्यतीच्या दिवशी इतरांच्या गाड्या सुटल्या तेव्हा यांची गाडी कुंपणाबाहेर उभी होती.

परत आल्यावर महाविद्यालयाला जो अहवाल सादर झाला त्यात कारण म्हणून ‘वेळ कमी पडला’ असे नमूद केले होते. हे वाक्य खोटे नव्हते, पण त्यातून पुढच्या तुकडीला काहीही कळण्यासारखे नव्हते. पुढल्या वर्षी ब्रेकचा दोष दूर झाला तो या अहवालामुळे नव्हे. जुन्या तुकडीतला एक मुलगा उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी गावातच थांबला होता आणि त्याने कार्यशाळेत येऊन पुढचे कॅलिपर बदलायला लावले. तो थांबला नसता तर काय झाले असते, याचा विचार संघाने त्या वेळी केला नाही.

पाइप तुटला, वेल्ड नाही

दुसऱ्या वर्षी गाडी तपासणीतून पार झाली आणि शर्यतीच्या रांगेत लागली. पहिल्याच तासात एका उंचवट्यावरून खाली आपटताना पुढच्या उजव्या चाकाला सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, म्हणजे आर्म, सांगाड्याच्या जोडावरून निखळला आणि चाक बाहेरच्या बाजूला लोळले. दोरी लावून गाडी बाहेर ओढून आणण्यात आली. तिथे जोडण्याजोगे काही उरले नव्हते.

सांगाड्याचे काम भुसावळ रस्त्यावरील एका फॅब्रिकेशनच्या दुकानात झाले होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि शेतीची अवजारे बांधणारे हे दुकान ज्यांचे, त्यांना सगळे विद्यार्थी ‘आबा’ म्हणत. मुलांनी तुटलेला तुकडा त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा ‘काय व्हयनं भो?’ एवढेच विचारून त्यांनी तो उजेडाकडे धरला, बोट फिरवले आणि सांगितले की आपले वेल्ड सुटलेले नाही, वेल्डच्या शेजारचा पाइप तुटला आहे. या प्रकरणातले पहिले खरे निदान ते हेच, आणि ते प्रयोगशाळेत झालेले नाही. चीर वेल्डच्या मण्याला, म्हणजे वितळून उमटलेल्या उंच रेषेला, समांतर, त्याच्यापासून किंचित अंतरावर, मूळ धातूतच गेली होती. तुटलेली कड दाणेदार व चमकदार होती आणि पाइप वाकल्याची कुठेही खूण नव्हती. लवचीक पोलाद तुटण्याआधी वाकते. हे काचेसारखे तुटले होते.

कारण पुढे धातुशास्त्राच्या शिक्षकांनी उलगडून दाखवले. वजन कमी करण्यासाठी संघाने साध्या पोलादाऐवजी ४१३० या क्रमांकाचे, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असलेले पोलाद वापरले होते. हे पोलाद चिवट खरे, परंतु वेल्डच्या उष्णतेने तापलेला भाग एकदम थंड झाला तर त्या पट्ट्यात कठीण आणि ठिसूळ रचना तयार होते. ट्रॉलीच्या साध्या पोलादाचे वेल्ड झाल्यावर त्यावर पाणी मारून ते थंड करण्याची रीत दुकानात वर्षानुवर्षांची होती. रंगाला लवकर घेता येते, आणि ट्रॉलीला त्याने काही होत नाही. तीच रीत या पाइपावर झाली होती. यात आबांचा दोष काढणे अन्याय्य ठरेल, कारण पाइप कोणत्या जातीचा आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. त्यानंतर पाणी बंद झाले, पंख्याचा झोतही बंद झाला, थंडीच्या दिवसांत पाइप आधी गॅसच्या ज्योतीने कोमट करून घेण्याचे ठरले आणि जोडाजवळ त्रिकोणी आधारपट्टी आली.

तो तुटलेला तुकडा मुलांनी फेकला नाही. कार्यशाळेच्या भिंतीला एक लाकडी फळी ठोकून त्यावर तो तारेने बांधला आणि पुठ्ठ्याची चिठ्ठी लटकवली. पुढे याची पद्धत पडली. प्रत्येक मोडलेल्या भागाच्या चिठ्ठीवर चार गोष्टी लिहायच्या : काय मोडले, मोडण्याच्या लगेच आधी गाडी काय करत होती, आम्हांला आधी काय वाटले आणि शेवटी काय निघाले. यातली तिसरी नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. चुकलेला अंदाज लिहून ठेवण्याची लाज बहुतेक अहवालांना वाटते, आणि पुढचा माणूस नेमक्या त्याच अंदाजापाशी अडखळतो. मागाहून आठवून लिहिलेली ब्रेकची चिठ्ठीही त्याच फळीवर आली : ‘वाटले हवा, निघाले पुढे-मागे जोराची वाटणी.’

बंद दारे आणि उंदीर

मग करोना आला. महाविद्यालये बंद झाली, शिकवणे मोबाइलवर गेले आणि गाडीला हातही न लावता तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. अपघात किंवा पराभव संघाला जेवढे मागे नेतो, त्यापेक्षा या रिकाम्या काळाने जास्त नेले, असे म्हणावे लागेल. दारे उघडली तेव्हा प्रत्यक्ष शर्यत पाहिलेला एकही विद्यार्थी महाविद्यालयात उरला नव्हता. कार्ब्युरेटरमध्ये जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसला होता, टायरांना चिरा गेल्या होत्या आणि उंदरांनी तारांचे वेष्टण कुरतडून काढले होते.

फळी जागेवर होती. नव्या मुलांनी चिठ्ठ्या वाचल्या, बाहेरगावी नोकरी करणाऱ्या जुन्या मुलांना व्हिडिओ कॉल लावले आणि तुकडे हातात धरून प्रश्न विचारले. ब्रेक आणि सांगाडा या दोन बाबतींत त्यांनी एकही जुनी चूक केली नाही. परंतु फळीवर नसलेल्या गोष्टीपासून फळी कोणाला वाचवू शकत नाही. उंदरांनी खाल्लेल्या तारा घाईघाईने नव्या टाकण्यात आल्या. त्या सांगाड्याच्या पाइपाला प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधल्या आणि वरून संरक्षक नळी घालायची राहून गेली. विजेचे काम या गाडीत जेमतेम असते, म्हणून त्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

तिसऱ्या तासातली तार

पुढच्या शर्यतीत गाडी दोन तास उत्तम चालली. तिसऱ्या तासात ती एका खडबडीत पट्ट्यात अचानक बंद पडली, दोरी ओढताच सुरू झाली, अर्धी फेरी गेली आणि पुन्हा बंद पडली. ओढून दुरुस्तीच्या जागी आणली, स्टँडवर चढवली, दोरी ओढली. पहिल्या झटक्यात इंजिन सुरू झाले आणि घड्याळाच्या ठोक्यासारखे चालू राहिले. मुलांनी स्पार्क प्लग बदलला. पुन्हा वाटेवर, पुन्हा बंद. मग इंधनात कचरा असेल म्हणून गाळणी बदलली, नंतर कार्ब्युरेटर उघडला. दर वेळी स्टँडवर इंजिन ठणठणीत आणि वाटेवर मुके.

एव्हाना निम्म्याहून अधिक तास खर्ची पडला होता. शेवटी द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी, जी गाडीची राखीव चालक होती, तिने एक साधी गोष्ट बोलून दाखवली : इंजिन फक्त गाडी हादरते तेव्हाच मरते, तर स्टँडवर आपण ती हादरवून का पाहत नाही? दोघांनी सांगाडा धरून जोरात हलवला आणि इंजिन तत्काळ थांबले. या इंजिनांत बंद करण्याचे बटण प्रज्वलनाच्या कॉइलची तार धातूच्या सांगाड्याशी जोडते. तार सांगाड्याला टेकली की ठिणगी संपली. बटणाकडे जाणारी तार पाइपाच्या कडेवर घासून घासून तांब्यापर्यंत उघडी पडली होती आणि प्रत्येक हादऱ्याला ती पाइपाला टेकत होती. बटण न दाबताच दाबल्यासारखे होत होते. चिकटपट्टीचे दोन वेढे दिल्यावर गाडी उरलेला वेळ पुन्हा थांबली नाही. परंतु गेलेल्या फेऱ्या परत येणार नव्हत्या.

अशा शर्यतींत मोठे मोडत नाही, बारीक मोडते, हे जगातल्या बलाढ्य संघांनीही अनुभवले आहे. फ्रान्समधील ले मान्स येथील २४ तासांच्या २०१६ च्या शर्यतीत टोयोटाची गाडी आघाडीवर असताना अवघी काही मिनिटे उरली असता शक्तिहीन होऊन थांबली. टर्बोचार्जर आणि इंटरकूलर यांच्यामधल्या हवेच्या नळीचा एक जोड निकामी झाला होता. शेवटची फेरी ठरलेल्या वेळेत पुरी न झाल्याने त्या गाडीचे नाव अंतिम क्रमवारीतही लागले नाही आणि विजय पोर्शेकडे गेला. १९८५ पासून ले मान्सला येणाऱ्या टोयोटाला पहिला विजय मिळाला तो २०१८ साली. खान्देशातल्या मुलांची तुलना टोयोटाशी करण्याचा येथे हेतू नाही. सांगायचे ते एवढेच की, त्या वर्षीची चिठ्ठी लिहिताना ‘नशीब’ हा शब्द कोणी वापरला नाही, ‘वाटले प्लग, मग गाळणी, मग कार्ब्युरेटर, निघाली बटणाची तार, स्टँडवर हादरवून पाहणे’ असे लिहिले आणि तारेचा उघडा पडलेला तुकडा तिच्याशेजारी बांधला.

मे महिन्याचा उपयोग

या अनुभवानंतर संघाने दोन निर्णय घेतले आणि माझ्या मते दुसरा पहिल्यापेक्षा महत्त्वाचा होता. पहिला असा की, गाडी स्पर्धेच्या तोंडावर नव्हे तर आधीच्या उन्हाळ्यात पळवायची. खान्देशात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. एरवी शिव्या खाणारे हे ऊन चाचणीच्या कामी आले. कपाशीची पऱ्हाटी उपटून रिकाम्या झालेल्या काळ्या शेतात, ढेकळांवरून, दुपारच्या वेळी गाडी तास तास फिरवल्यावर आणखी एक दुखणे समोर आले. या गाडीत ताकद चाकांकडे जाते ती रबरी पट्ट्यावर चालणाऱ्या सीव्हीटीतून, म्हणजे गिअर न बदलता वेगाचे प्रमाण आपोआप जुळवणाऱ्या यंत्रणेतून. दोन शंकूच्या आकाराच्या पुल्यांमध्ये हा पट्टा वर-खाली सरकतो आणि चढावर किंवा ढेकळांत तो जरा घसरला की घर्षणाने तापतो. नियमाप्रमाणे त्यावर झाकण आवश्यक असते. संघाचे झाकण चारही बाजूंनी बंद होते आणि आतली उष्णता आतच राहत होती. पाइपच्या कारखान्यातून उसना आणलेला तापमापक झाकण काढताच पट्ट्यावर रोखून नोंदी केल्यावर हे आकड्यांत दिसले. झाकणाला जाळीची खिडकी आणि हवा आत घेणारा बोळ केल्यावर पट्टा टिकू लागला. बोळाचे तोंड मागे वळवावे लागले, नाहीतर पावसाळ्यातल्या चाचणीत चिखल सरळ आत येत होता.

दुसरा निर्णय माणसांचा होता. तोवर गाडी चालवणे, शर्यतीच्या दिवशी दुरुस्ती पाहणे ही मानाची कामे अंतिम वर्षाकडे असत. आता प्रत्येक विभागात एक अंतिम वर्षाचा आणि एक द्वितीय वर्षाचा असे जोडीने काम ठेवण्यात आले आणि चालकाची जागा द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांतून भरण्याचे ठरले, जेणेकरून शर्यतीत बसलेला माणूस पुढली दोन वर्षे महाविद्यालयात राहील. हा बदल सहज झाला नाही. तीन वर्षे ग्रीस पुसणाऱ्या मुलांना ऐन वेळी आसन सोडावे लागले, त्यातले दोघे संघ सोडून गेले आणि त्यांची नाराजी अयोग्य होती असे मला म्हणता येत नाही. तारेचे निदान करणारी विद्यार्थिनी त्या वेळी तृतीय वर्षात गेली होती. तिने स्वतः गाडीत न बसता नव्या चालकाला तयार करण्याचे काम घेतले.

पूर्ण झालेले चार तास

त्यानंतरच्या शर्यतीत गाडीने चार तास पूर्ण केले. चालकाला दिलेली सूचना कंटाळवाणी होती : उंचवट्यावर उडी मारायची नाही, कोणी मागून आले तर वाट द्यायची, इंधन भरायला आल्यावर झाकणाला हात लावून पाहायचा. दुसऱ्या तासात दगडाला धडकून स्टीअरिंगचा टाय-रॉड, म्हणजे चाक वळवणारा दांडा, वाकला, पण लांबी आधीच जुळवून ठेवलेला सुटा रॉड पेटीत असल्याने गाडी थोड्याच वेळात वाटेवर परतली. टाय-रॉडची चिठ्ठी सरावातल्या एका मोडीमुळे आधीच फळीवर होती. संघ क्रमवारीत मध्यावर राहिला. पुण्याच्या आणि दक्षिणेच्या तयारीच्या संघांनी त्याच वेळात कितीतरी जास्त फेऱ्या मारल्या. संध्याकाळी मुलांनी घरून आणलेले भरीत आणि कळण्याच्या भाकरी तिथेच बसून खाल्ल्या, आणि नंतर गाडी टेम्पोत चढवताना मागच्या गिअरपेटीतून तेल गळताना दिसले.

हे तेल अजून गळते आहे. सील दोनदा बदलूनही गळती थांबलेली नाही. शाफ्टच्या गोलाईत दोष असावा असा सध्याचा अंदाज आहे आणि चिठ्ठीवर चौथ्या नोंदीची जागा कोरी आहे. पैशाची बाजूही सुटलेली नाही, कारण संघाची वर्गणी अजून ओळखीपाळखीवर चालते आणि ओळखी पदवीबरोबर निघून जातात. त्यासाठी फळीसारखा उपाय संघाला सापडलेला नाही. वजन कमी करायचे की टिकाऊपणा राखायचा यावर यंदाच्या तुकडीत दोन तट आहेत. वजन कमी करू पाहणाऱ्यांनी पुन्हा पातळ भिंतीच्या पाइपाचा प्रस्ताव मांडला, तेव्हा बैठक कार्यशाळेत भरवून फळीवरचा पहिला तुकडा काढून सर्वांच्या हातात देण्यात आला. प्रस्ताव फेटाळलेला नाही. आबांकडे नमुन्याचे चार जोड वेल्ड करून ते वाकवून तोडून पाहायचे आणि मगच ठरवायचे, असे ठरले आहे.